घरपोच घटस्फोट

‘कोर्टाची पायरी न चढता घटस्फोट!’ जाहिरात वाचून माणूस पैसे भरतो आणि हाती येतं पाचशेच्या स्टॅम्प पेपरवरचं करारपत्र. नोटरीचा शिक्का मात्र अगदी ठसठशीत.

केंद्राच्या कायदा विभागाने ऑक्टोबर २०२४मध्ये नोटरींना बजावलंय, लग्न-घटस्फोटाचे दस्त करू नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब नुसार संमतीचा घटस्फोटही न्यायालयच देतं. (रूढीचा काडीमोड वेगळा, तोही सिद्ध करावा लागतो.) मधली सहा महिन्यांची मुदत माफ होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं खरं, पण ती माफी न्यायाधीशाच्या हाती, एजंटाच्या नव्हे.

दुसऱ्या लग्नाच्या पत्रिका छापून झाल्यावर कळतं, पहिलं लग्न शाबूत आहे.

एजंट पावतीवरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवतो : ‘आम्ही फक्त टायपिंग करतो.’ ग्राहक आयोगाकडच्या तक्रारीचं टायपिंगही तिथेच होतं म्हणे, दर वेगळा.