नक्कल, फी भरून

एकाच वस्तूवर एकाच वेळी दोघांनी हात ठेवला असता कारभार कसा चालावा, हा प्रश्न संगणकशास्त्राच्या धुरीणांनी 1965 साली डाइक्स्ट्रा यांनी त्यास हात घातल्यापासून इतक्या गांभीर्याने चर्चिला आहे की, ज्याची उमेदीची वर्षे सरकारी दप्तर सांभाळण्यात गेली त्या माझ्यासारख्या सेवानिवृत्त अव्वल कारकुनास त्या पंडितांविषयी आदराइतकीच अनुकंपाही वाटते.

पुण्यास नोकरीला असलेला माझा भाचा सुटीत खाप्यास आला असता, कन्हानच्या काठाने फिरताना त्याने मला जावा भाषेचा कारभार निवेदन केला. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या या भाषेत प्रत्येक ऑब्जेक्टास जन्मतःच कुलूप मिळते. ते लावावे की नाही, हे मात्र लिहिणाराच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपविलेले असते.

“आणि लावायचे राहिले तर?”

“तर हिशेब चुकतो, मामा, तोही रोज नाही. साहेब तपासायला आले की बरोबर येतो.”

या ढिलाईवर पेर ब्रिंच हान्सन या डॅनिश पंडिताने 1999 साली जाहीर कोरडे ओढले, ते यथायोग्यच म्हणावे लागेल. परंतु कुलूप लावल्यानेही भागत नाही. आमच्या एका कचेरीत नोंदवहीच्या कपाटाची किल्ली एका कारकुनाकडे आणि शिक्का दुसऱ्याकडे असे. शिक्क्यावाचून पहिला वही सोडीत नसे, वहीवाचून दुसरा शिक्का देत नसे, आणि अर्जदार बाकावर बसून उभयतांच्या कर्तव्यनिष्ठेचे दर्शन घेई. यास डेडलॉक म्हणतात, असे भाच्याने सांगितले. आम्ही ‘प्रकरण विचाराधीन’ असा शेरा मारीत असू.

कार्ल ह्यूइट यांनी 1973 साली मांडलेल्या ॲक्टर-पद्धतीत किल्ली कोणाच्या हाती जातच नाही: ज्याला काम असेल त्याने आवक टपालात चिठ्ठी टाकावी, आणि कपाटाच्या धन्याने एकेक चिठ्ठी क्रमाने निकालात काढावी. भाचा या व्यवस्थेवर लुब्ध होता. मला मात्र साचलेल्या टपालाचा ढीग दिसू लागला.

“मग मामा, तुम्ही काय केले असते?”

“मूळ कागद कोणास द्यायचाच नाही. मागेल त्यास नक्कल द्यावी, आणि लिहिलेल्यावर खाडाखोड करू देऊ नये.”

भाचा थबकला. एरिक्सन कंपनीत 1986 साली आरंभिलेल्या अर्लांग भाषेत हेच आहे म्हणाला. एकदा दिलेले मूल्य बदलत नाही, आणि निरोपासोबत नक्कलच जाते. आमच्या नक्कल विभागाची कीर्ती स्वीडनपर्यंत पोचल्याचे पाहून मला धन्यता वाटली.

“परंतु त्यांनी नक्कल फी माफ केलेली दिसते,” मी म्हणालो.

“छे, मामा! ती मेमरीतून कापून घेतात.”