काचेपलीकडचं ऑइल

कनेरगाव नाक्याचा शेतकरी ट्रॅक्टरचं ऑइल स्वतः बदलतो. खाली घमेलं, नट सैल, फिल्टर नवा, डिपस्टिकच्या खुणेपर्यंत ताजं ऑइल. निघालेलं काळं ऑइल कुंपणाच्या खांबांना, वाळवी लागू नये म्हणून. त्याच घरची कार मात्र वॉरंटीच्या धाकाने शहरातल्या शोरूमला जाते. तिथे मालकाला एसी आणि चहा, गाडी भिंतीपलीकडे. बिलात ऑइल, फिल्टर, ‘कन्झ्युमेबल्स’ नावाचं गूढ आणि मजुरीवर 18 टक्के जीएसटी. ऑइल खरंच बदललं का, हे विचारणं अडाणीपणाचं! डिझेल इंजिनात नवं ऑइलही लवकरच काळं पडतं, त्यामुळे रंगावरून भांडण जमत नाही. बिल भरण्याआधी जुना फिल्टर तेवढा मागा.