विषयज्ञानाची अडचण

शिक्षकास स्वतःचा विषय येणे कितपत आवश्यक आहे, या प्रश्नावर विद्वानांचे एकमत अद्याप झालेले नसले, तरी आमच्या पनवेलीत त्याचा निकाल केव्हाच लागून अंमलबजावणीसुद्धा सुरू झाली आहे. परवा स्थानकात लोकलची वाट पाहत असता एक जुने स्नेही भेटले. इतिहासाचे पदवीधर, शिरढोणच्या वासुदेव बळवंतांवर बोलू लागले म्हणजे समोरची गाडी सुटल्याचे भान श्रोत्यास राहू नये अशी वाणी, आणि काखेत मात्र आठवीचे विज्ञानाचे पुस्तक. संचमान्यतेत त्यांच्या शाळेतील विज्ञानाचे पद गेले, इकडे यांचा कार्यभार भरेना, तेव्हा वेळापत्रकातील रिकामा चौकोन आणि शिक्षकखोलीतील रिकामा गृहस्थ यांची सोयरीक मुख्याध्यापकांनी जुळवून दिली.

‘‘पात्रतेचे काय?’’ मी विचारले.

‘‘टीईटी उत्तीर्ण आहे ना!’’ ते म्हणाले. त्या परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात 150 पैकी 60 गुण गणित-विज्ञान अथवा सामाजिक शास्त्रे यांपैकी एकाचे असतात. यांनी अर्थातच दुसरे घेतले होते. परंतु दप्तरात प्रमाणपत्र लागते, त्यातील विषय कोण वाचतो?

कायदा मात्र अगदीच बेसावध नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक सांगितला आहे. त्याच कायद्याच्या 27 व्या कलमाने शिक्षकास अशैक्षणिक कामांतून मुक्त करताना जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक ही त्रयी तेवढी वगळली आहे. या दुसऱ्या त्रयीसाठी लेखी हुकूम, सक्तीचे प्रशिक्षण आणि गैरहजर राहिल्यास कारवाईची तंबी असा जो चोख बंदोबस्त सरकार ठेवते, तो पहिल्या त्रयीच्या वाट्यास आल्याचे निदान माझ्या पाहण्यात नाही.

आमच्याच जिल्ह्यातील, अलिबागेजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे विद्यापीठाची पदवी नसताना डेक्कन कॉलेजात गणित शिकवीत, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ रचीत, आणि टिळकांसारखा विद्यार्थी त्यांच्यापुढे बसे. आज त्यांचा अर्ज आला असता, तर ‘अर्हता अपूर्ण’ असा शेरा मारून तो परत धाडण्यात आला असता. विषय येणे हा गुण अर्जाच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. उलटपक्षी 1818 साली लूव्हाँ येथे झाकोतो नावाच्या फ्रेंच पंडिताने, विद्यार्थ्यांची डच भाषा आपणांस अवगत नसता, द्विभाषी छापील पुस्तक त्यांच्या हाती देऊन त्यांना आपली आपणच फ्रेंच शिकावयास लावली, आणि जे स्वतःस येत नाही तेही शिकविता येते असा सिद्धांत मांडला. आमच्या अधिकाऱ्यांस हा गृहस्थ बेहद्द आवडेल. मात्र झाकोतोने आपले अज्ञान चारचौघांत कबूल केले होते, ही त्याच्या पद्धतीतील बारीकशी अट आमच्याकडे गाळली जाते. येथे अज्ञान गाइडाच्या वेष्टनात गुंडाळून फळ्यावर उतरवून देतात, आणि मुले ते निमूटपणे वहीत उतरवून घेतात.

‘‘मग परावर्तनाचा धडा कसा निभावला?’’ मी स्नेह्यांस विचारले.

‘‘कुठला निभावतोय! त्याच आठवड्यात मतदारयादीच्या कामाचा हुकूम आला. परत येऊन पाहतो, तर पोरांनी न्हाव्याच्या दुकानातून दोन आरसे मागून आणलेले. काटकोनात धरले की तीन प्रतिमा, साठ अंशांत धरले की पाच. 360 ला कोनाने भागून एक वजा करायचा, हे त्यांनीच ताडून काढलेले. मला म्हणाली, सर, मध्ये उभे राहा.’’

‘‘राहिलात?’’

‘‘राहिलो. काटकोनातल्या आरशांत मी तीनदा दिसलो. एक विज्ञान शिकवणारा, एक याद्या तपासणारा... तिसरा इतिहासाचा असावा, पण नीट न्याहाळेपर्यंत तास संपल्याची घंटा झाली.’’

इतक्यात त्यांची गाडी लागली.