ओंडकेराव

परसातलं झाड पडलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "टेम्पो बोलवा आणि एकदाचं अंगण मोकळं करा." दुसऱ्या पक्षात एकच सभासद असतो. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, सदऱ्याच्या खिशात मोजपट्टी आणि तोंडात एकच वाक्य, "अहो, फणसाचं लाकूड आहे ते!" हे आपले ओंडकेराव. कोकणात वाडीला एक आणि देशावर जुन्या बंगल्यांच्या आळीत एक, असं त्यांचं प्रमाण पडतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर थडकलं आणि आंबे, फणस, माड, पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा सगळे कपाळाला हात लावून बसले होते. दुःख ओंडकेरावांनाही झालं, पण ते बुंध्याचा घेर मोजता मोजता झालं.

या माणसाला हसणं सोपं आहे. पडवीत ओंडके, जिन्याखाली फळ्या, न्हाणीघरामागे ताडपत्रीखाली काहीतरी, आणि त्या प्रत्येकावर खडूने लिहिलेली तारीख. तरीही माझं म्हणणं असं की परसातल्या लाकडाचं काही भलं व्हायचं असेल तर ते याच माणसाच्या हातून होईल. कारण बाजाराला ते नकोच असतं. एकट्या झाडासाठी वखारवाला गाडी पाठवत नाही. पाठवलीच, तर आधी बुंध्याकडे संशयाने पाहतो, आणि ते बरोबरच आहे. घराजवळच्या झाडाने पन्नास वर्षांत काय काय गिळलेलं असतं! वाळवणाच्या दोरीचा खिळा, झोपाळ्याची कडी, कुणा उमेदवाराची पाटी. करवतीचं पातं त्यातल्या एकावर आपटलं की झाडाच्या किमतीपेक्षा पात्याचा खर्च जास्त. म्हणून चिंच असो, फणस असो की शेवगा, सगळ्यांना भाव एकच, सरपणाचा. शेवग्याला तो भावही जास्तच म्हणायचा; पण बाकीच्यांवर हा सरळसरळ अन्याय आहे.

तो अन्याय ओळखणारं गावात एकच माणूस उरलेलं असतं. चिंचेचं लाकूड इतकं चिवट की खाटीक ठोकळ्यासाठी तेच मागतो आणि तेलाच्या घाण्यालाही ते चालतं, हे ओंडकेरावांना ठाऊक असतं. पांगारा सरपणातही कमीच; पण तो हलका आणि कोरायला मऊ, म्हणून सावंतवाडीची लाकडी फळं त्यातून घडली. कडुनिंबाच्या पेटीला कीड सहसा शिवत नाही. माडाच्या खोडाला वर्षवलयं नसतात. साल सोडून लगेचचा भाग कणखर आणि मधला पोचट, त्यामुळे माड उभा चिरून कडेकडेचाच घ्यायचा. आणि फणस! तो चिरला की आतून हळदीसारखा पिवळा निघतो आणि उजेड खात खात तांबूस होत जातो. दक्षिणेकडची वीणा त्यातूनच होते, मृदंगही त्यातूनच. थायलंडमधले भिक्षू तर त्याच्या गाभ्याचे तुकडे उकळून चीवरं रंगवतात. ही माहिती ओंडकेराव न विचारता देतात, पाहुण्याच्या हातातला चहा निवेपर्यंत देतात, पण ती खरी असते.

मग त्यांचं चुकतं कुठे? लाकूड ठेवण्यात चुकत नाही, ताटकळत ठेवण्यात चुकतं. झाड पडल्याच्या दिवशीच त्यांच्या मनात आठ माणसांचं जेवणाचं टेबल उभं राहतं आणि त्या टेबलाला शोभेल असा सुतार मिळेपर्यंत ओंडक्याला कुणी हात लावायचा नाही असा हुकूम सुटतो. लाकूड मात्र सुताराची वाट पाहत नाही. ओल्या ओंडक्यातलं पाणी कडेपेक्षा टोकांतून कितीतरी वेगाने निघून जातं आणि टोकं तडकतात. चुन्याचा किंवा रंगाचा एक हात वेळेवर फिरवला असता तर हातभर लाकूड वाचलं असतं. आंब्याचं तर विचारूच नका. मिरगाचा पाऊस लागला की बुरशीने ते काळवंडतं, मागोमाग किडा शिरतो आणि दिवाळीला ताडपत्री उचलावी तर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं नि खाली मैद्यासारखा भुस्सा. झाड पडल्यावर पहिल्या महिन्यातच चिरून घ्यावं, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून वारं खेळेल अशी थप्पी सावलीत रचावी, आणि जाडीच्या दर इंचाला साधारण वर्ष द्यावं, इतकाच खरा खटाटोप. ओंडकेराव शेवटचं वर्ष आनंदाने देतात. पहिला महिना मात्र नकाशा काढण्यात जातो.

यावर घरातून जे आक्षेप येतात ते पोकळ नाहीत. चिराई, वाहतूक आणि सुताराची मजुरी धरली तर दुकानातलं तयार टेबल स्वस्त पडतं, हे काकू कागदावर मांडून दाखवतात आणि त्यांचं गणित बिनचूक असतं. पण ते टेबलाचं गणित आहे. पाट, चौरंग, पोळपाट, विळीचा पाट, भिंतीच्या खुंट्या यांना लाकूड हातभर लागतं, सुतार एका दिवसाचा लागतो आणि तडकलेल्या ओंडक्यातूनही तेवढं निघतं. ढिगाऱ्यात विंचू-काटा निघतो ही काकूंची दुसरी तक्रार. त्यावर मात्र थप्पी जमिनीपासून वीतभर उचलून घ्या यापलीकडे उत्तर नाही. पुतण्या म्हणतो, एवढं कशाला, बंबात घाला. फांद्या, साल, ढलप्या खुशाल घालाव्यात, कढत पाणी हाही लाकडाचा सदुपयोगच आहे. पण सुक्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं असतं. बंबात ते सकाळच्या आंघोळीला धूर होऊन जातं, चौरंगात नातवंडांच्या लग्नापर्यंत टिकतं. उलट बाजूने बोलणारेही असतात. त्यांना भीती वाटते की लाकडाची अशी गोडी लागली तर माणूस उभ्या झाडाकडेही टेबल म्हणून पाहू लागेल. शहरात त्यासाठी १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहेच. पण ओंडकेरावांच्या बाबतीत त्याची गरज पडत नाही. पडलेल्या झाडाचाच निकाल ज्याच्याने लागत नाही, तो उभं झाड कधी पाडणार?

टेबलाचा नाद सुटलेले ओंडकेराव क्वचित आढळतात, आणि त्यांचा झपाटा मग आवरत नाही. एका फणसातून दोन डझन पोळपाट निघतात. पहिला घरात, दुसरा लेकीकडे, तिसरा विहिणीकडे. पुढचे मुंजीला, बारशाला, सत्यनारायणाला. वाडीतल्या कार्याच्या पत्रिकांवर 'कृपया आहेर आणू नये' अशी ओळ ठळक अक्षरांत येऊ लागली की समजावं, अजून अर्धा बुंधा शिल्लक आहे.