ऐतिहासिक आहे, चालायचंच!

सांतो दोमिंगो शहरात दुसरं काही नाही. जे आहे ते पहिलं. युरोपियनांनी अमेरिकेत वसवलेल्या आणि आजही नांदत्या असलेल्या शहरांत पहिलं हेच. पहिलं कॅथीड्रल इथलं, पहिलं इस्पितळ इथलं, पहिला फरसबंद रस्ता इथला. विद्यापीठसुद्धा पहिलं, १५३८ सालचं. त्यावर पेरूतल्या लिमाकरांचा आक्षेप आहे, पण त्यांचा नंबर अर्थातच दुसरा लागतो. जुन्या गावात दर दोन घरांआड भिंतीवर एक पाटी असते आणि तिच्यावर 'अमेरिकेतील पहिले' हे शब्द असतात. अशा गावात हॉटेलवाल्याने गरम पाण्याची जबाबदारी का घ्यावी?

आपल्याकडची मंडळी डोमिनिकन रिपब्लिकला जातात, नाही असं नाही. न्यूजर्सीतल्या मराठी घरांत तर मुलांच्या सुट्टीचा हा ठरलेला बेत. अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर असला की इथला वेगळा काढावा लागत नाही, मग काय! पण ती सगळी पुंता कानाला. विमानतळावरून थेट रिसॉर्टमध्ये, मनगटाला रंगीत पट्टा, आणि मग भरलेले पैसे वसूल होईपर्यंत खाणं. तिथून राजधानी सांतो दोमिंगो अडीच-तीन तासांवर, पण तिकडे फिरकतात दोनच जातीचे लोक: इतिहासाचं वेड असलेले आणि हात आखडता असलेले. माझ्यात दोन्ही गुण आहेत, त्यामुळे जुन्या गावातलं बजेट हॉटेल माझ्या पत्रिकेतच होतं.

हॉटेल म्हणजे एक जुनं चौकाचं घर. मधे अंगण, अंगणात केळ, केळीखाली मांजर. फोटो काढला तर कुणालाही हेवा वाटावा. फोटोत वास येत नाही आणि आवाजही येत नाही, यावरच या धंद्याची उभारणी आहे. रिसेप्शनवर एक सेन्योरा बसायच्या. प्रेमळ बाई. आल्यागेल्याला 'मी आमोर', म्हणजे 'माझ्या लाडक्या', म्हणायच्या, आणि कुठल्याही तक्रारीवर त्यांच्याकडे एकच औषध होतं: इतिहास. खोलीत वायफाय येत नाही म्हटलं, तर त्यांनी भिंतीवर थाप मारली. प्रवाळी दगडाची, हातभर जाडीची भिंत. चाच्यांच्या जाळपोळीला दाद न देणाऱ्या भिंतींपुढे वायफायची काय कथा! खोलीला खिडकी होती, ती व्हरांड्यात उघडायची. म्हणजे आपण लोकांना दिसायचो आणि आपल्याला लोकांच्या चपला. ऐतिहासिक रचना. दार लागत नव्हतं. ऐतिहासिक लाकूड. गादी मधे खोल गेली होती. तिच्या बाबतीत मात्र मी विचारलं नाही. कुणाकुणाची नावं निघाली असती कोण जाणे.

पलंगावर दोन टॉवेलांचा मिळून एक हंस करून ठेवला होता. अंग पुसायचं तर हंस मोडावा लागतो, आणि मोडला की दुसऱ्या दिवशी त्याच ओल्या टॉवेलांचा पुन्हा हंस होतो, थोडा मान टाकलेला. टॉवेल बदलण्यापेक्षा घडी बदलणं स्वस्त पडतं.

आता वीज. या देशात ती जाते. तिच्या जाण्याला 'आपागोन' म्हणतात, आणि ज्याच्या खिशात चार पैसे आहेत त्याच्याकडे 'इन्व्हेर्सोर', म्हणजे आपला इन्व्हर्टर असतो. आमच्या हॉटेलात जिन्याखालच्या कपाटात बॅटऱ्यांची रांग मांडलेली होती. वायरी अशा गुंतलेल्या, की त्याही कोलंबसाने आणल्या असाव्यात. या इन्व्हर्टरवर काय चालतं आणि काय नाही, ती उतरंड मी एका दुपारी नीट न्याहाळली. सर्वांत वर बिअरचा फ्रीज. मग रिसेप्शनचा दिवा, मग सेन्योरांचा पंखा, मग कार्ड घासायचं यंत्र. सगळ्यांत शेवटी पाहुण्यांच्या खोलीतला एक बल्ब. एसी, गीझर आणि पाण्याचा पंप या यादीत नव्हतेच. म्हणजे वीज गेली की बिअर थंडगार, पाहुणा उकडलेला, आणि पैसे तेवढे अखंड जमा होत राहायचे. हे नियोजन ज्याने केलं त्याला धंदा कळतो.

पंप बंद पडला की गच्चीवरच्या टाकीत असेल तेवढंच पाणी. शेजारच्या खोलीतल्या जर्मन जोडप्याला हे उमगलं तेव्हा त्यातले गृहस्थ साबण लावून उभे होते. मला काही सांगावं लागलं नाही. ज्याची उमेदीची वर्षं भारनियमनाच्या वेळापत्रकात गेली आहेत, तो नवीन खोलीत शिरला की आधी नळ सोडतो आणि मग चपला काढतो. अडचण एकच, खोलीत बादली नव्हती. एक झाकणाचा डबा होता, पण तो कमोडशेजारी असतो आणि तिथल्या नाजूक पाइपांमुळे वापरलेला कागद त्यातच टाकायचा असतो, तेव्हा तो विषय इथेच थांबवू. मी बिअरच्या रिकाम्या बाटल्या भरून ठेवल्या. जर्मनांनी दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे आदराने पाहायला सुरुवात केली.

रात्री आवाज. समोरच्या कोपऱ्यावर कोल्मादो होता. कोल्मादो म्हणजे किराणा दुकान, पण सूर्य मावळला की तिथे साबण-तांदळापेक्षा बिअर जास्त खपते, फुटपाथवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या येतात, डॉमिनोजच्या सोंगट्या टेबलावर बंदुकीच्या गोळीसारख्या आपटतात आणि माणसाच्या उंचीचा स्पीकर लागतो. आळीपाळीने मेरेंगे आणि बाचाता. कानात कापूस घालून सेन्योरांकडे गेलो, तर त्यांनी मला हळुवारपणे वस्तुस्थिती सांगितली. जुनं गाव १९९० पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. मेरेंगे २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, बाचाता २०१९ मध्ये. म्हणजे मी ज्याबद्दल गाऱ्हाणं घेऊन आलो होतो तो गोंगाट मानवजातीचा ठेवा होता. त्यावर पोलिसांत जायचं की पॅरिसला, हे मला ठरवता आलं नाही. पुणेकरांनी गणपतीतल्या डीजेबद्दल हा मार्ग अजून कसा शोधला नाही, याचं आश्चर्य करत मी परत येऊन पडलो.

स्वस्त हॉटेलात राहण्याचा एक फायदा असतो. खोलीत बसवत नाही, त्यामुळे गाव पाहून होतं. आमच्या गल्लीतून पाच मिनिटं चाललं की काये लास दामास. हाच तो पहिला फरसबंद रस्ता. कोलंबसाचा मुलगा दिएगो गव्हर्नर असताना त्याच्या बायकोच्या दरबारातल्या स्त्रिया इथे संध्याकाळी फिरायच्या, म्हणून रस्ता त्यांच्या नावाचा. या रस्त्यावर निकोलास दे ओव्हान्दो या गव्हर्नरचं घर आहे आणि त्या घरात आज बड्या लोकांचं हॉटेल आहे. दगडी कमानी, नदीकडे तोंड करून पोहण्याचा तलाव. मी दारातून डोकावलो. दरवानानेही माझ्याकडे डोकावून पाहिलं आणि आमचं दोघांचं समाधान झालं.

या ओव्हान्दोच्या आतिथ्याची कथा ऐकण्याजोगी आहे. १५०२ साली कोलंबस चौथ्या सफरीत या बंदराबाहेर येऊन थांबला. आभाळाची चिन्हं पाहून त्याने निरोप धाडला: वादळ येतंय, आसरा द्या, आणि तुमचा आरमारी काफिला निघायच्या तयारीत आहे, तो थांबवा. ओव्हान्दोने दोन्ही धुडकावलं. तीसच्या आसपास जहाजं निघाली, त्यांतली वीसेक बुडाली. त्यांतच फ्रान्सिस्को दे बोबादिया गेला, ज्याने दोनच वर्षांपूर्वी याच शहरात कोलंबसाला बेड्या घालून स्पेनला धाडलं होतं. कोलंबसाची चार जहाजं जवळच्या आडोशाला तगली. नदीपलीकडचं लाकडी गाव मात्र वादळाने झोपवलं, मग ओव्हान्दोने ते अलीकडच्या काठावर हलवलं. अमेरिकेचा शोध लावून आलेल्या माणसाला भर वादळात 'जागा नाही' सांगणाऱ्याचं घर हे आज गावातलं नावाजलेलं हॉटेल आहे. अशी पार्श्वभूमी असलेला दुसरा हॉटेलमालक शोधून सापडायचा नाही.

पण पाट्यांवर हे नसतं. पाट्यांवर आणखीही बरंच नसतं. ओव्हान्दोने १५०३ मध्ये हारागुआच्या सरदारांना, म्हणजे बेटावरच्या मूळच्या ताइनो लोकांच्या पुढाऱ्यांना, मेजवानीला म्हणून एकत्र आणलं आणि जाळून मारलं. त्यांची राणी आनाकाओना हिला पुढे याच शहरात फाशी दिलं. आज ती कॅथीड्रलसमोरच्या चौकात आहे: कोलंबसाच्या १८८७ सालच्या पुतळ्याखाली, चौथऱ्यावर चढून त्याचं नाव लिहिताना. फाशी देऊन भागलं नाही, वर कारकुनीही तिच्याच गळ्यात. १५२१ च्या नाताळात दिएगो कोलंबसाच्या उसाच्या मळ्यावर आफ्रिकी गुलामांनी उठाव केला. अमेरिकेतला नोंदलेला पहिला मोठा गुलामांचा उठाव तो हाच. इतकं खणखणीत 'पहिलं' हाताशी असून पर्यटनवाल्यांना त्याची बारकीशी पाटीही मला दिसेल अशी लावता आली नाही. १५११ मध्ये आंतोनियो दे मोंतेसिनोस या धर्मोपदेशकाने भर प्रवचनात वसाहतवाल्यांना ताइनोंबद्दल विचारलं होतं, की ही माणसं नाहीत का? त्याचा अवाढव्य पुतळा आहे, मेक्सिकोने दिलेला. तो समुद्रकिनाऱ्यावर, हॉटेलांच्या रांगेपासून बाजूला, समुद्राकडे तोंड करून ओरडतो आहे. मासे ऐकतात.

कोलंबसाचं नाव घेतलं की 'फुकू' लागतो, म्हणजे साडेसाती मागे लागते, असा तिथे समज आहे. जुनी माणसं नुसतं 'आल्मिरांते', म्हणजे आरमारप्रमुख, म्हणतात. मी सेन्योरांसमोर तीनदा पूर्ण नाव घेतलं आणि वीज गेली. अर्थात ती न घेताही जात होती.

या गृहस्थाची हाडंही जिवंतपणी फिरला तशीच फिरली. जंत्री अशी: मेला वायादोलिदला, १५०६ मध्ये. तिथून सेव्हिल. मग सुनेच्या, म्हणजे दिएगोच्या विधवेच्या आग्रहावरून सांतो दोमिंगोचं कॅथीड्रल. १७९५ मध्ये बेट फ्रान्सकडे गेलं, म्हणून स्पॅनिशांनी ती हवानाला हलवली. १८९८ मध्ये क्यूबाही गेलं, तेव्हा परत सेव्हिल. इथवर ठीक होतं. पण १८७७ मध्ये सांतो दोमिंगोच्या कॅथीड्रलमध्ये कोलंबसाच्या नावाची एक शिशाची पेटी निघाली. तेव्हापासून सांतो दोमिंगोचं म्हणणं, की स्पॅनिशांनी घाईत भलत्याच कुणालातरी उचलून नेलं. त्या पेटीसाठी १९९२ मध्ये क्रुसाच्या आकाराचं एक प्रचंड काँक्रीटचं दीपगृह बांधलं. ते आभाळात उजेडाचा क्रूस काढतं आणि शेजारच्या वस्त्यांत अंधार असतो, असं टीकाकार तेव्हाच म्हणत होते. सेव्हिलच्या हाडांची डीएनए तपासणी झाली. सांतो दोमिंगोने आपली पेटी तपासायला दिली नाही. माझ्या पासपोर्टची मात्र सेन्योरांनी तीनदा झेरॉक्स काढली. ओळख न पटवता कायमचा मुक्काम ठोकणाऱ्यांसाठी नियम वेगळे असावेत.

नाश्ता भाड्यात धरलेला होता. उकडून ठेचलेल्या हिरव्या केळ्यांचं मांगू, वर व्हिनेगरमधला लाल कांदा, आणि सोबत तळलेलं चीज, तळलेली सलामी, तळलेलं अंडं. हे तिन्ही मिळालं पाहिजे, असा तिथला रिवाज. आमच्याकडे तिन्हींपैकी एक यायचं, आणि ते कुठलं हे स्वयंपाकघर ठरवायचं. मांगू मात्र चांगलं होतं, हे कबूल करायला हवं.

शेवटच्या सकाळी मी घासाघीस करायची ठरवली. या कलेला इथे मोठी परंपरा आहे. १५८६ च्या जानेवारीत इंग्लंडचा फ्रान्सिस ड्रेक शहर काबीज करून बसला आणि खंडणी मागू लागला. स्पॅनिश लोक भाव पाडत राहिले. ड्रेक रोज थोडी थोडी घरं जाळायचा, पण घरं दगडी, जाळता जाळता त्याचीच माणसं टेकीला आली. सुमारे महिनाभराने पंचवीस हजार डुकाटांवर सौदा पटला आणि तो गेला. माझी मागणी साधी होती. संकेतस्थळावर दिसलेल्या भाड्यावर अठरा टक्के कर लागला होता, आणि त्यावर सेवेसाठी कायद्याने दहा टक्के.

"कर समजला. पण दहा टक्के सेवा कुठली?" मी विचारलं.

सेन्योरांनी बिलाकडे पाहिलं, मग जिन्याखालच्या कपाटाकडे, मग माझ्याकडे. "मी आमोर, तुम्ही आलात त्या दिवशी टॉवेलचा हंस कुणी केला?"

मी पैसे मोजले. त्यांनी टीव्हीच्या रिमोटची अनामत परत दिली. मी रिमोट परत दिला. त्यात सेल नव्हते, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.