जरा ब्राइटनेस वाढव

१० एप्रिल २०१९ ला जगानं कृष्णविवराचा पहिला फोटो पाहिला. ज्याच्या तावडीतून प्रकाशही सुटत नाही, ते एम८७ दीर्घिकेतलं धूड, साडेपाच कोटी प्रकाशवर्षं लांब. ठिकठिकाणच्या आठ दुर्बिणी एकत्र जुंपून त्याच्याभोवतीचं नारिंगी कडं टिपलं होतं. माहिती एवढी प्रचंड, की इंटरनेटवरून पाठवणं अशक्य. हार्ड डिस्क विमानानं न्याव्या लागल्या. (हॉस्टेलात सिनेमे आम्ही याच तत्त्वावर पोचवायचो, फक्त विमानाऐवजी सायकल.) फोटो धूसर आहे म्हणून काहींनी नाकं मुरडली. या मंडळींना महिन्याच्या आतच शिक्षा झाली.

शुक्रवारी, २६ एप्रिलला, ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ आला. तीन तास एक मिनिट, आणि एकही मिनिट जड गेलं नाही. सोमवारी सकाळी साडेसहाला, अमेरिकेच्या बरोबरीनं, ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या अखेरच्या सीझनचा तिसरा भाग. त्याच सोमवारी मुंबई-ठाण्यात लोकसभेचं मतदान.

“सातला केंद्र उघडतंय, गर्दीच्या आत जाऊन येऊ,” बाबा म्हणाले. पण मेलेल्यांच्या फौजेचा म्होरक्या नाईट किंग, त्याचा निकाल कळल्याशिवाय मी रांगेत उभा कसा राहणार? मागचा कोण काय फोडेल, सांगता येत नाही. मतदान गुप्त असतं. रांगेतल्या गप्पा नसतात.

पंचावन्न रात्री जागून चित्रित केलेली, ब्याऐंशी मिनिटांच्या भागातली ती विंटरफेलच्या किल्ल्यातली महालढाई. मी पडदे ओढले, ट्यूबलाइट बंद केली, ब्राइटनेस शंभरावर नेला. टीव्हीत सगळ्यात स्पष्ट दिसत होता तो माझाच चेहरा. कोणीतरी कोणाला तरी मारत होतं. मरणारा आपला की मेलेल्यांतला, हे किंकाळीवरून ओळखायचं. आई चहा घेऊन आली, दोन मिनिटं टीव्हीकडे बघत उभी राहिली.

“सुरू कधी होणार आहे?”

“पाऊण तास झाला, आई.”

पुढे त्या भागाचे छायाचित्रकार फेबियन वॅग्नर यांनी खुलासा केला, की लोकांना आपले टीव्हीच नीट लावता येत नाहीत. म्हणजे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरचा काळोख दिसतो, पण विंटरफेलचा दिसत नाही, यात दोष आमच्या हॉलचा!

पुढच्याच भागात उजेड आला. त्या उजेडात, मेजवानीच्या टेबलावर, राणी डेनेरिसच्या पुढ्यात आजकालचा कागदी कॉफीकप. तो नंतर पुसला गेला, पण तोवर जगानं पाहिला होता. सीझन पुन्हा बनवा, या मागणीवर दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. कोणी दाद दिली नाही. दाद लागली ती सॉनिक नावाच्या निळ्या हेजहॉगच्या बाबतीत. त्याच्या सिनेमाच्या ट्रेलरमधले त्याचे माणसासारखे दात बघून लोक इतके दचकले, की दिग्दर्शकानं दोन-तीन दिवसांतच चेहरा बदलायचं कबूल केलं. सिनेमा नोव्हेंबरवरून फेब्रुवारीत गेला. दातांना एवढा वेळ लागतोच.

अंधार कसा वापरावा, हे वर्षाच्या शेवटी ‘द मँडलोरियन’ या मालिकावाल्यांनी दाखवलं. मालिकेतलं पन्नास वर्षांचं हिरवं बाळ त्यांनी इतकं लपवून ठेवलं, की गुपित फुटेल म्हणून खेळणीही आधी काढली नाहीत. नाताळात जगभरच्या आयाबापांनी रिकाम्या दुकानांत हात चोळले. ते बाळ पडद्यावर पहिल्यांदा दिसलं, तो मला वर्षातला सर्वोत्तम क्षण वाटतो. निदान बाळ दिसत तरी होतं.

आणि ‘थ्रोन्स’? सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेची एमी सप्टेंबरात त्यालाच गेली. त्या काळ्याकुट्ट लढाईलाही एमी मिळाल्या. ध्वनीसाठी.