तोंडाला लावायची ट्यूब

गाल लाल झाले, वर बारीक पुळ्या उठल्या, की निदान घरातच होतं. आजी म्हणते उष्णता, मावशी म्हणते पित्त. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला काहीच म्हणत नाही, सरळ ट्यूब काढून देतो. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं. आठवड्यात चेहरा असा उजळतो की शेजारीण नाव लिहून नेते. ट्यूब थांबली की चेहरा पेटतो, म्हणून दुसरी ट्यूब. गाल असे लाल करणाऱ्या त्वचारोगाचं नाव रोझेशिया. ज्याला तो नव्हता, त्यालाही या वाटेने तो मिळतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. मेडिकलवाल्याने ती बातमी वाचली असावी. ट्यूब बांधून दिली तो कागद त्याच दिवसाचा होता.

त्यात आपली सावळी कातडी. लाली चटकन दिसत नाही, म्हणून रोझेशियावर वर्षानुवर्षं मुरमांचे उपचार चालतात.

खरी औषधं आहेत, पण एक ट्यूब सगळ्याला चालत नाही. पुळ्यांना मेट्रोनिडॅझोलचं जेल (होय, जुलाबाच्या गोळीतलंच) किंवा अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड. न भागल्यास डॉक्सिसायक्लिन, तेही ४० मिलिग्रॅम, म्हणजे इतकं थोडं की जंतूंना धक्का नाही, फक्त दाह उतरतो. नुसत्या लालीला ब्रिमोनिडिन, मूळचं काचबिंदूचं औषध. ते रक्तवाहिन्या काही तास आवळून धरतं. सोडलं की कधीकधी लाली व्याजासकट परत. साखरपुड्याच्या फोटोंपुरतं ठीक. गालावर लाल रेषांचं जाळं उमटलं असेल, तर मलमं चोळून उपयोग नाही, लेझरच लागतो.

आणि आयव्हरमेक्टिनचं १ टक्का क्रीम. चेहऱ्यावर डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे राहतात. तुमच्याही राहतात, आरसा घेऊ नका, दिसणार नाहीत. रोझेशियात ते फार माजतात. हे क्रीम त्यांना आवरतं. गुण यायला दोन-तीन महिने लागू शकतात.

याच आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या मे २०२१ मध्ये गोवा सरकारने कोविड टाळायला १८ वर्षांवरच्या सगळ्यांना द्यायचं जाहीर केलं होतं, तेही जागतिक आरोग्य संघटना नको म्हणत असताना. तेव्हा अख्खी पट्टी पाण्याबरोबर गिळणारी मंडळी आता डॉक्टरांनी गालाला वाटाण्याएवढं क्रीम लावायला सांगितलं की विचारतात, “डॉक्टर, याचे साइड इफेक्ट तर नाहीत ना?”